वीस सेकंदांच्या आत

माझं एक भांडण तीन वर्षं अर्धवट लटकलेलं होतं, आणि त्यात माझा काही दोष नव्हता. स्वभाव माझा पहिल्यापासून तापट. एकतीस वर्षं मी इचलकरंजीत मुलींच्या शाळेत खेळ शिकवला. मगदूम बाई ओरडल्या की शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग थांबतात, असं पोरी म्हणायच्या. अशा बाईचं भांडण मध्येच तोडायची कुणाची हिंमत व्हावी? पण तोडलं. माझ्याच छातीतल्या यंत्रानं तोडलं.

त्या दिवशी माझा मुलगा पारस पुण्याहून आला होता. एकुलता एक, तिशी ओलांडलेला, लग्न न केलेला, दिवसभर पडद्यासमोर बसून काम करणारा. मला शाळेच्या मैदानावर परत जायचं होतं, नुसतं तासभर, पोरींना चार गोष्टी सांगायला. तो नको म्हणाला. मी म्हटलं, मला विचारणारा तू कोण? शब्दानं शब्द वाढला आणि तो म्हणाला, "बाबा गेले तेव्हाही तू मैदानावरच होतीस."

मी ताडकन उभी राहिले. उत्तर होतं माझ्याकडे, वर्षभर साठवलेलं. दोन-चार वाक्यं बाहेर पडली असतील, तेवढ्यात गळ्याशी मुंग्या आल्या, गुडघे गार पडले आणि छातीतली धडधड कुणीतरी मुठीत धरल्यासारखी मंदावली. मी मटकन खुर्चीत बसले. बोलता येत होतं, पण भांडायला जो जोर लागतो तोच उरला नव्हता. पारसनं फोनकडे बघितलं.

"ठोके एकशे बारावर गेले होते, आई. शांत हो बघू." असं म्हणून त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! आणि तो संतापही यंत्रानं निम्म्यावर आणून ठेवला.

यंत्राचं कागदावरचं नाव 'हृदयसारथी'. गावात सगळे त्याला लगाम म्हणतात. आमचे हे हृदयाच्या झटक्यानं गेल्यावर वर्षभरानं मलाही हलका झटका आला, एक स्टेंट पडली, आणि दवाखान्यातून सोडताना गळ्याच्या हाडाखाली रुपयाएवढी चकती बसवून दिली. तेव्हा सरसकट सगळ्यांना बसवत होते. हृदयाला ब्रेक मुळातच असतो. मेंदूतून व्हेगस नावाची नस निघते, मानेतून खाली छातीत उतरते आणि हृदयाला सांगते, बाबा रे, सावकाश. चकतीची बारीक तार या नसेला जोडलेली. ठोके ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले आणि वीस सेकंद झाली तरी उतरायला लागले नाहीत, की चकती नसेला हलका प्रवाह देते आणि हृदय मंदावतं.

वीस सेकंदच का? तर शिंक आली, ठसका लागला, कुत्रं अंगावर धावून आलं, एवढ्यानं लगाम ओढला जाऊ नये म्हणून. आणि माणूस बसला, ठोके आपोआप उतरायला लागले, की चकती नवं मोजमाप सुरू करते. उतरत्या हृदयाला ब्रेक लावला तर माणूस चक्कर येऊन पडेल. एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

आता खरी गंमत ऐका. मर्यादा डॉक्टर ठरवतात एकशे वीस, पण ती खाली-वर करायची किल्ली असते सगळ्यांत जवळच्या नातेवाइकाच्या फोनवर. जिच्या छातीत चकती तिच्याकडे नाही! पारसनं आधी एकशे दहा केली. त्या भांडणानंतर शंभर. मी जिन्यावर दमले तेव्हा पंचाण्णव. काळजीपोटी हो, सगळं काळजीपोटी. गावभर हीच तऱ्हा. पोरं परगावी, आईबापांची छाती त्यांच्या खिशात. खोटं बोलणार नाही, सुरुवातीला माणसं वाचली. पण मग बघावं तर बागेत साठीची माणसं पावलं मोजत चाललेली, कुणी हसायला लागलं तरी हात छातीवर. न वापरलेलं हृदय दुबळं होतं, दुबळं झालं की पोरं मर्यादा आणखी खाली आणतात. आणि यंत्र बनवणाऱ्यांनी तर आता तिशीच्या लोकांनाही सोडलेलं नाही. त्यांच्या मनगटावरचं घड्याळच विचारतं, तुमचं हृदय उशिरा सावरतंय, सारथी बसवायचा का? किल्ली कुणाकडे देऊ?

तर अशी मी, त्रिशला मगदूम, वय एकसष्ट, एके काळची जिल्ह्याची खो-खोची कप्तान, शाळेच्या वर्धापनदिनाला पाहुणी म्हणून मांडवात बसले होते. शेजारी माझी मैत्रीण हसीना शिकलगार. आम्ही एकाच संघात खेळलो. ती पळतीची राणी, मी पाठलागाची. तिच्याही छातीत लगाम, किल्ली सुनेकडे. कार्यक्रमाच्या शेवटी कुणीतरी टूम काढली, जुन्या खेळाडूंनी एकदा पाटीवर बसून फोटो द्यावा. आम्ही नऊजणी उठलो. गुडघ्यांना खाली बसणं जमेना, म्हणून मुलींनी न्हाणीघरातली बुटकी प्लास्टिकची स्टुलं आणून चौकोनांत मांडली. आठजणी बसल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, खेळात असतात तशा. हसीना मागं उभी.

फोटो निघाला. आणि त्या सटवीनं काय करावं? माझ्या पाठीवर थाप मारली आणि बोंबलली, "खो!"

चाळीस वर्षांची सवय. डोकं काही म्हणायच्या आत अंग सुटलं. समोर एक आठवीतली मुलगी उभी होती, ती घाबरून पळाली आणि मी तिच्या मागं. दहाएक पावलं, फार तर आठ सेकंद. मग पुढच्या चौकोनातल्या बाईला खो दिला आणि तिच्या स्टुलावर धपकन बसले. छाती नुसती उडत होती. मी डोळे मिटून लगामाची वाट बघायला लागले.

लगाम आला नाही.

मी बसले होते, ठोके उतरायला लागले होते, वीस सेकंद झालीच नव्हती. चकतीला वाटलं असणार, बाई शिंकली. मला हसू फुटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा घाम आला होता, तो मी पुसलासुद्धा नाही.

हसीनाला चेव आला. "थांब, मी पळते," म्हणाली आणि निघाली पळतीला. पण पळणाऱ्या गड्याला बसायला जागा कुठं असते? अर्ध्या मिनिटात तिचा लगाम ओढला गेला आणि मैदानाच्या मधोमध ती पाय गार पडून उभी राहिली. दोघींनी धरून आणली.

"त्रिशे," ती धापा टाकत म्हणाली, "जन्मभर तुला चिडवलं की तू बसकी खेळाडू. आता बसकीच जिंकली बघ."

दुसऱ्या दिवशी मी गार्गीला फोन लावला. गार्गी तांबवेकर माझी जुनी विद्यार्थिनी, आता डॉक्टर, व्यायाम आणि हृदय हाच तिचा अभ्यास. सगळं ऐकून ती आधी कडाडली. "बाई, हे वेड आहे! परत असं न सांगता करायचं नाही." मग म्हणाली, "पण वेडाला शास्त्र आहे."

शास्त्र तिनं आम्हाला स्टुलांवर बसवून समजावलं. तासभर रमतगमत चाललं तर चांगलंच, पण हृदय त्याच्या रोजच्या चालीत राहतं. थोडा वेळ जीव तोडून जोर लावला की ते भरून घेतं आणि जोरात पिळतं. मग विश्रांती. विश्रांतीतही स्नायूंकडून रक्त परत येतच असतं, हृदय ते सांभाळायला शिकतं. पुन्हा जोर, पुन्हा विश्रांती. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारे बारीक कारखाने असतात. अशा हिसक्यांनी पेशीला कळतं की आहेत ते पुरत नाहीत, आणि ती नवे उभारते. जगभर या व्यायामाला मोठमोठी नावं आहेत. "आणि तुम्ही," गार्गी म्हणाली, "तो आम्हाला सातवीत असताना खो-खो म्हणून शिकवलात."

पण तिनं अटी घातल्या. नऊजणींची तपासणी केली आणि दोघींना सरळ नाही म्हटलं. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या. आधी दहा मिनिटं अंग गरम करायचं, कुणी कंटाळा करायचा नाही. जोर किती? एक शब्द बोलता येईल, वाक्य येणार नाही, इतका. पहिल्या महिन्यात सहा सेकंद पळायचं आणि दीड मिनिट बसायचं. मग हळूहळू दहा. आठवड्यात तीनच दिवस, कारण हृदय घडतं ते मधल्या दिवसांत. छातीत दुखलं, जबडा दुखला, डोळ्यांपुढं अंधारी आली तर तिथंच थांबायचं. मी दर खेपेला शिट्टी फुंकून ओरडायची, "शहाणपणा नको! दोन सेकंद जास्त पळालीस तर घरी पाठवीन!"

खेळायला पळता गडी हवा. लगामवाल्यांना ते जमणारं नव्हतं, म्हणून शाळेतल्या मुली पाळीपाळीनं पळायच्या आणि आम्ही म्हाताऱ्या त्यांना धरायचो. चार महिन्यांत काय झालं सांगते. पळून बसल्यावर एका मिनिटात ठोके किती उतरतात, हे गार्गी मोजायची. माझे सुरुवातीला अकरा उतरायचे. आता एकोणतीस. जिना चढून मी गच्चीवर वाळवण घालायला लागले. भांडायचंही शिकले, भाजीवाल्याशी वीस सेकंदांत उरकून घ्यायचं आणि कट्ट्यावर टेकायचं. पण पोटच्या पोराशी असं तुकड्यातुकड्यानं भांडता येत नाही. ते उत्तर तसंच होतं, आत.

एका शनिवारी फोन वाजला.

"आई, तू पळतेस?"

"कोण म्हणालं?"

"यंत्र म्हणालं! चार महिने ठोक्यांमध्ये विचित्र उसळ्या येतायत, तुझ्या आणि गावातल्या आणखी आठ बायकांच्या. मला पत्र आलंय. किल्लीधारकानं मोजायची मुदत वीसवरून पाच सेकंदांवर आणावी असं लिहिलंय. मी उद्या येतोय. समोर बसून तुझी सही घेतो आणि पाचची मुदत लावतो."

पाच सेकंद म्हणजे शिंकलं तरी लगाम. पाच सेकंद म्हणजे मैदान संपलं. हसीनाच्या घरी जाऊन मी सांगितलं तर ती रडायलाच लागली. "माझ्या सुनेलाही आलंय पत्र. पारसनं लावली की तीही लावणार." मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता, आणि मी तो कट्ट्यावर बसून बसून, थोडाथोडा करून रात्रीपर्यंत पुरवला.

रविवारी सकाळी पारस घरी न जाता थेट मैदानावर आला. आम्ही नऊजणी स्टुलांवर. त्यानं लांबूनच हाक मारली, "आई, उठ. घरी चल."

"सही करते," मी म्हटलं. "पण आधी तू पळ."

"काय?"

"तीन मिनिटं. आम्ही नऊजणी पाठलागाला, तू एकटा. तीन मिनिटांत नाही धरला, तर लाव तुझे पाच सेकंद, मी तोंडातून शब्द काढणार नाही. धरला, तर किल्ली माझी मला द्यायची."

तो हसला. "आई, तुम्ही सगळ्या साठीच्या आहात."

"आणि तू तिशीतला म्हातारा," हसीना बसल्या जागेवरून म्हणाली. "पळ की! भितोस व्हय आयांना?"

बाकीच्या खिदळल्या आणि त्याचे कान लाल झाले. माझ्याच पोटचं पोर, खुन्नस चढायला वेळ लागत नाही. त्यानं बूट घट्ट केले. गार्गीनं घड्याळ लावलं.

पहिलं मिनिट त्याचं. लहानपणी माझ्याच मैदानावर वाढलेला, नियम सगळे पाठ. पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही; पळणारा मात्र दोघींच्या मधून कसाही आरपार जातो. तो आमच्या मधून नागमोडी पळत राहिला, वर हसत राहिला. मी सात सेकंद धावले, खो दिला, बसले. पुढची आठ सेकंद धावली, खो दिला, बसली. कुणी घाई केली नाही. आमच्यातली एकही बाई त्याच्याइतकी जोरात पळत नव्हती, पण दर खेपेला त्याच्या मागं ताजी बाई होती.

दुसऱ्या मिनिटाला त्याचं हसू गेलं. तो तोंडानं श्वास घ्यायला लागला, वळताना पाय घसरायला लागले. त्याला बसायला स्टूल नव्हतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या त्या पोराला मैदानात बसायची सोय नव्हती, आणि मला एक क्षण त्याची दया आली. एकच क्षण.

"खांबाकडं रेट त्याला!" मी बसूनच ओरडले. हसीनानं रेटलं. तो खांबाला वळसा घालायला गेला. ती धावत माझ्या मागं आली, पाठीवर थाप बसली, "खो!" मी उठले. तो वळत होता त्याच बाजूला माझं तोंड होतं. सहा पावलं. तो डावीकडं झुकला, मी खांबाला हात घालून अंग झोकून दिलं आणि माझी बोटं त्याच्या पाठीला लागली. घामानं चिंब झालेली पाठ, आणि तिच्या आत धाडधाड उडणारं काळीज.

"दोन मिनिटं एकेचाळीस," गार्गी म्हणाली.

तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. नंतर जमिनीवरच बसला. मी त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले. एका मिनिटानं माझे ठोके सत्तावीसनं उतरले होते. त्याचे नऊनं.

तेवढ्यात त्याचं घड्याळ किणकिणलं. हात उचलायचंही त्राण नव्हतं त्याच्यात, म्हणून मीच मनगट वळवून वाचलं. 'आपलं हृदय उशिरा सावरत आहे. हृदयसारथीची शिफारस करण्यात येत आहे. किल्लीधारक, जवळचं नातं: आई. आपली संमती?' खाली 'हो' आणि 'नको'.

तोही वाचत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि तो घाबरला. खरंच घाबरला. कारण त्याला कळलं की मी 'हो' दाबू शकते. अजून मनगट माझ्या हातात होतं. माझा अंगठा 'हो'वर होता, खोटं कशाला सांगू. तीन वर्षं आठवली. पाण्याचा तो तांब्या आठवला. शांत हो बघू.

मी 'नको' दाबलं.

"तुझी किल्ली मला नको," मी म्हटलं. "तुझी छाती तुझी. दम लागतोय तर दर महिन्याला ये आणि पळ. गार्गीकडून आधी तपासून घे."

त्यानं खिशातून फोन काढला. माझं नाव उघडलं. यंत्रानं विचारलं, खात्री आहे का? त्याचा हात थांबला.

"आई, मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "बाबांसारखं परत नको."

"मलाही वाटते. दाब."

त्यानं दाबलं. माझ्या फोनवर किल्ली आली. मी गार्गीकडं बघितलं. तिनं मला केव्हाच सांगितलं होतं, तुमच्या हृदयाला आता एकशे पंचेचाळीसपर्यंत बिनघोर झेपेल. मी मर्यादा तिथं नेऊन ठेवली आणि स्टुलावरून उठले.

"आता ऐक," मी म्हटलं. "होय, मी मैदानावर होते! तुझे बाबा गेले तेव्हा मी इथंच, याच खांबापाशी होते. वीस वर्षं मी त्या माणसाला म्हणत होते, अहो, चला, नुसते येऊन बसा, चार पावलं टाका. त्या दिवशीसुद्धा चपला घालून दारात उभी राहून म्हटलं. ते म्हणाले, उद्या येतो. मला उशीर होत होता, मी निघाले. तो उद्या माझ्या छातीत रुतलाय, पारस, तुझ्या चकतीच्याही खाली! आणि तू मला विचारतोस मी कुठं होते? तू कुठं होतास? तू फोनवर होतास! मी त्यांना हाक मारून तरी गेले!"

माझा आवाज मैदानाच्या पार गेला. शाळेच्या खिडकीतून शिपाई डोकावला. गळ्याशी मुंग्या आल्या नाहीत, गुडघे गार पडले नाहीत. पारस खाली मान घालून ऐकत होता. रडत होता की अजून धापा टाकत होता, मला कळेना. मी त्याच्या केसांत हात घातला, पण बोलायची थांबले नाही.

"त्रिशे," हसीना मागून माझ्या फोनकडं बघत घाबरून म्हणाली, "चार मिनिटं झाली गं. एकशे एकोणचाळीस झालेत."

"होऊ देत," मी म्हटलं. "अजून माझं संपलेलं नाही."